राडारोड्याचं काँक्रीट भरलेला स्टील पाइप कॉलम: कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला आहात, प्रोजेक्टसाठी 'रिसायकल्ड अ‍ॅग्रीगेट काँक्रीट फिल्ड स्टील ट्यूब' असा विषय घेतलाय आणि आता नेमकी सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, तर हे तुमच्यासाठी आहे. मी स्वतः एम.ई.ला हेच केलं होतं आणि तेव्हा मराठीत सोडा, कुठल्याच भाषेत कोणी "आधी हे कर, मग ते कर" असं सांगणारं भेटलं नव्हतं, पेपरमध्ये फक्त शेवटचे ग्राफ असतात, पाइप कुठे कापला आणि वरचं तोंड सपाट कसं केलं हे कोणी लिहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी विषय नीट समजून घ्या. पाडलेल्या बिल्डिंगचं काँक्रीट फोडून खडी करायची, तिचं नवीन काँक्रीट करायचं आणि ते स्टीलच्या पाइपात भरायचं. झाला कंपोझिट कॉलम, म्हणजे स्टील आणि काँक्रीट मिळून भार घेणारा. नुसत्या पाइपात साधं काँक्रीट भरून कॉलम करणं जुनंच आहे, चीनमध्ये तर त्यावर फार मोठी कामं झालीत, ग्वांगझूचा कँटन टॉवर आहे त्याचे बाहेरचे २४ कॉलम असे काँक्रीट भरलेले पाइपच आहेत, आणि ग्वांगशीमधला २०२० मध्ये खुला झालेला ५७५ मीटर गाळ्याचा कमानी पूलही याच पद्धतीचा. त्यात रिसायकल्ड खडी वापरायचं संशोधनही जास्त तिकडेच झालंय, हान लिनहाई, यांग यौफू, शियाओ जियानझुआंग ही नावं तुम्हाला प्रत्येक पेपरच्या रेफरन्समध्ये दिसतील. तिकडच्याच वू बो यांच्या टीमने तर खडी करायचीच भानगड ठेवली नाही, पाडलेल्या काँक्रीटचे मोठे मोठे तुकडे सरळ पाइपात टाकून मधल्या जागेत ताजं काँक्रीट ओतलं, म्हणजे क्रशिंगचा खर्च आणि वीज वाचली. मला ही कल्पना अजूनही फार आवडते.

आता मूळ प्रश्न, रिसायकल्ड खडीत वाईट काय असतं? जुन्या खडीला जुना मॉर्टर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. आपला काळा दगड वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषतो, ही खडी चार-पाच-सहा टक्के सहज शोषते. शिवाय नवीन सिमेंट आणि जुना मॉर्टर यांच्यात एक कमजोर थर, जुना मॉर्टर आणि मूळ दगड यांच्यात दुसरा, म्हणजे तडा जायला दोन जागा. ताकद थोडी कमी होते, मोड्युलस (काँक्रीटचा कडकपणा) त्याहून जास्त कमी होतो, श्रिंकेज (वाळून आकसणं) आणि क्रीप (कायमच्या भाराखाली हळूहळू दबत जाणं) वाढतात.

आणि पाइप इथेच कामाला येतो. काँक्रीट दाबलं की बाजूला फुगायला बघतं, पाइप त्याला चारी बाजूंनी आवळून धरतो. काँक्रीट आत असल्यामुळे पाइपची भिंत आत दबू शकत नाही. ओलावा बाहेर जात नाही म्हणून वाळून आकसणंही बरंच कमी. थोडक्यात काँक्रीटचे दोष पाइप पोटात घालतो. पण किती आणि कधी, हेच तुम्हाला मोजायचंय, आणि ते सरसकट खरं नसतं हे डोक्यात ठेवा. सुरुवातीला तर पाइप काँक्रीटला आवळतच नाही, कारण स्टीलचा पॉयसन रेशो (दाबल्यावर बाजूला किती फुगतं त्याचं प्रमाण) ०.३ आणि काँक्रीटचा ०.१५ ते ०.२, त्यामुळे कमी लोडला पाइपच जास्त फुगतो, काँक्रीटच्या आत बारीक तडे जायला लागले की मग ते पाइपला आतून ढकलतं आणि खरी पकड तिथून सुरू होते.

कामाला लागण्याआधी कोड बघा

आयएस ३८३ हा खडी-वाळूचा भारतीय कोड, त्याची २०१६ ची आवृत्ती उघडा. त्यात रिसायकल्ड काँक्रीटच्या खडीला परवानगी आहे, पण साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आरसीसीमध्ये २० टक्के आणि तेही एम-२५ (टेस्टच्या ठोकळ्याची म्हणजे क्यूबची ताकद २५ मेगापास्कल) पर्यंतच, १०० टक्के फक्त लीन म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये. विटा-टाइल्स मिसळलेला माल असेल तर आरसीसीला शून्य. म्हणजे तुम्ही ५० किंवा १०० टक्के खडी बदलून जे करणार आहात ते संशोधन आहे, उद्या कोणाच्या बंगल्याच्या कॉलमला वापरायची गोष्ट नाही, रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा. डिझाइनसाठी आपल्याकडे आयएस ११३८४ ची २०२२ ची आवृत्ती आहे, पण तुलनेसाठी बहुतेक जण युरोकोड ४ (कंपोझिट बांधकामाचा युरोपीय कोड) घेतात कारण गोल पाइपच्या पकडीचं सूत्र त्यात सुटसुटीत दिलंय. मीही तेच वापरलं होतं.

पाइप कुठला घ्यायचा

गोलच घ्या. चौकोनी पाइपात पकड फक्त कोपऱ्यांना मिळते, मधली भिंत बाहेर फुगते, युरोकोड चौकोनीला पकडीचा वाढीव फायदा देतच नाही. पहिल्या प्रोजेक्टला गोल बरा.

दुसरं, दुकानात जाऊन "चार इंची पाइप द्या" म्हणू नका. नळाचा पाइप आयएस १२३९ चा असतो, तुम्हाला आयएस ११६१ चा स्ट्रक्चरल पाइप पाहिजे, ग्रेड वायएसटी ३१० असं सांगा. आणि साइज ठरवताना आधी मशीन बघा. बहुतेक कॉलेजांत २००० किलोन्यूटनचं सीटीएम (दाबून टेस्ट करायचं कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीन) असतं, त्यात ताकद भरपूर पण दोन प्लेटांमधली जागा कमी. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. ३०० मिमीचा सिलिंडर मावत असेल तर ८८.९ मिमी बाहेरचा व्यास आणि ३.२ मिमी जाडीचा पाइप, लांबी व्यासाच्या तिप्पट म्हणजे २६७ मिमी, आरामात बसतो. मी सुरुवातीला ११४.३ चा पाइप आणला होता, ३४५ मिमीचे तुकडे पाडून घेतले आणि मशीनजवळ आल्यावर कळलं की ते आत जातच नाहीत, सगळा माल वाया, महिना गेला. मशीन मोजायला पाच मिनिटं लागतात.

लांबी तिप्पट का? फार आखूड घेतला तर वरच्या-खालच्या प्लेटच्या घर्षणानेच काँक्रीट आवळलं जातं आणि ताकद खोटी जास्त दिसते, फार लांब घेतला तर वाकायला लागतो. आपल्याला आधी फक्त सेक्शनची ताकद हवीय.

पाइप गॅस कटरने कापू नका. बँड सॉवर कापा आणि शक्य असेल तर दोन्ही तोंडं लेथवर फेस करून घ्या. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर नसतील तर लोड एका बाजूलाच जातो आणि सगळं मुसळ केरात. त्याच पाइपमधून दोन-तीन पट्ट्या टेन्शन टेस्टला कापून ठेवा, आयएस १६०८ प्रमाणे. हे बरेच जण करत नाहीत, ग्रेड ३१० लिहिलंय म्हणून हिशेबात ३१० धरतात, पण ३१० मेगापास्कल ही किमान यील्ड स्ट्रेंथ आहे (ज्या ताणाला स्टील कायमचं ताणलं जायला लागतं ती), प्रत्यक्षात स्टील बऱ्याचदा त्याहून जास्त निघतं आणि मग तुम्ही स्टीलची जास्तीची ताकद काँक्रीटच्या खात्यात जमा करता.

आधी कागदावर हिशेब

हा भाग टाळू नका. वरचाच पाइप घेऊ. स्टीलचं क्षेत्रफळ ८६२ चौ. मिमी, काँक्रीटचं ५३४६ चौ. मिमी. समजा काँक्रीटची सिलिंडर ताकद २४ मेगापास्कल (क्यूबला साधारण ३०). स्टीलचे २६७ किलोन्यूटन, काँक्रीटचे १२८, साधी बेरीज ३९५. आता युरोकोड ४ चं पकडीचं सूत्र लावलं, सगळे सेफ्टी फॅक्टर १ धरून, तर उत्तर येतं साधारण ५१८ किलोन्यूटन. म्हणजे एकमेकांच्या आधाराने मिळालेले १२० च्या वर किलोन्यूटन. कंपोझिट म्हणतात ते यासाठी.

आता रिसायकल्ड खडीमुळे काँक्रीटची ताकद २४ वरून २० वर आली असं धरा, म्हणजे जवळपास १७ टक्के घट. कॉलमची ताकद किती घटली? साध्या बेरजेने ३९५ ची ३७४ झाली, पाच टक्क्यांच्या आसपास. पकडीसकट धरलं तर ५१८ ची ४९९, चार टक्केसुद्धा नाही. कारण काँक्रीट कमजोर झालं की सूत्रात पकडीचा वाटा वाढतो.

वाचायला छान वाटतं ना, पण प्रोजेक्ट करणाऱ्यासाठी यातच गोम आहे. एकाच प्रकारच्या तीन नमुन्यांमध्ये आपापसात तीन-चार टक्के फरक सहज येतो. म्हणजे तुम्हाला जे मोजायचंय ते नमुन्यांच्या आपसातल्या फरकात बुडून जाणार आणि तुम्ही "काहीच फरक पडत नाही" असा निष्कर्ष लिहून मोकळे होणार. तो निष्कर्ष काँक्रीटबद्दल नसतो, तुमच्या जाड पाइपबद्दल असतो! म्हणून एक सेट पातळ पाइपचा पण ठेवा. फॅब्रिकेटरकडून १.६ मिमीचा पत्रा वळवून १०० मिमी व्यासाचा पाइप करून घेतला आणि स्टील २५० चं असलं, तर साधी बेरीज ३०० ची २७१ होते, जवळपास १० टक्के घट, ती दिसते. व्यास भागिले जाडी इथे ६२.५ येतं, युरोकोडची मर्यादा ९० गुणिले २३५ भागिले यील्ड स्ट्रेंथ म्हणजे साधारण ८४, तेव्हा लोकल बकलिंगची, म्हणजे पातळ भिंत जागच्या जागी दुमडण्याची, भीती अजून नाही. वेल्डिंगची शिवण मात्र चांगल्या वेल्डरकडून सलग करून घ्या, टाके टाके मारलेली शिवण आधी उसवते.

खडी

यासाठी लांब जायची गरज नाही, प्रत्येक कॉलेजच्या लॅबमागे टेस्ट झालेल्या फुटक्या क्यूबचा ढीग असतो, तोच घ्या. एक फायदा असा की रजिस्टरमध्ये त्यांची ताकद लिहिलेली असते, त्यामुळे जुनं काँक्रीट कुठल्या ग्रेडचं होतं ते सांगता येतं. पुण्यात वाघोलीला आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्लांट आहेत, गाईडचं पत्र घेऊन तिथला माल आणता आला तर तो जास्त वास्तव, पण त्यात वीट, टाइल, प्लास्टर, लाकडाचे तुकडे हाताने वेचावे लागतात.

एक क्यूब सव्वाआठ किलोच्या आसपास भरतो. जाड पाइपचे आणि पातळ पाइपचे प्रत्येकी तीन, नुसत्या काँक्रीटचे तीन आणि सहा क्यूब एवढं प्रत्येक मिक्सला धरलं, तर ५० टक्के आणि १०० टक्के मिळून रिसायकल्ड खडी साठ किलोच्या आसपास लागते, पण फोडल्यावर चाळून हवी ती साइज निम्मीसुद्धा हातात येत नाही, तेव्हा पंचवीस-तीस क्यूब गोळा करा. घणाने फोडा, लॅबमध्ये जॉ क्रशर असेल तर उत्तमच. १० मिमीच्या चाळणीतून गेलेला आणि ४.७५ वर राहिलेला माल घ्या, एवढ्या छोट्या पाइपात २० मिमीची खडी अडकते आणि पोकळी राहते. बारीक चुरा टाकून द्या आणि वाळू तिन्ही मिक्समध्ये एकच ठेवा, क्रश सँड असेल तर सगळीकडे तीच. खडी नीट धुवा. मग आयएस २३८६ प्रमाणे वॉटर अ‍ॅब्सॉर्प्शन, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, इम्पॅक्ट व्हॅल्यू, काळ्या दगडाच्या खडीची पण करा, तुलना तिच्याशीच आहे.

पाण्याचा हिशेब, इथे सगळे फसतात

मीही फसले होते. कोरडी खडी तशीच मिक्सरमध्ये टाकली, पहिल्या पाच मिनिटांत स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) चांगला होता, पाइप भरायला घेतले तोवर मिक्स इतकं घट्ट की रॉड आत जाईना, मग घाईत अंदाजाने पाणी ओतलं आणि त्या बॅचचं वॉटर सिमेंट रेशो काय होतं ते आजही कोणी सांगू शकणार नाही. ती बॅच फेकून द्यावी लागली.

बरोबर पद्धत अशी: खडी आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, २४ तासांनी काढून ओल्या गोणपाटावर पसरा, वरचा ओलसर चमकदारपणा जाईपर्यंत, म्हणजे आतून भरलेली पण वरून कोरडी. आयएस ३८३ मध्येपण १० टक्क्यांपर्यंत शोषण चालतं ते खडी आधी भिजवण्याच्या अटीवरच. मग मिक्स डिझाइनचं पाणी तेवढंच घाला, जास्त नाही.

मिक्स करताना संशोधक विव्हियन टॅम यांनी २००५ मध्ये मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत वापरा, खर्च काही नाही. आधी खडी आणि वाळू एक मिनिट, मग निम्मं पाणी घालून एक मिनिट, मग सिमेंट घालून अर्धा मिनिट, मग उरलेलं पाणी घालून दोन मिनिटं. यात खडीभोवती घट्ट सिमेंटचा पातळ लेप बसतो आणि जुन्या मॉर्टरच्या भेगा थोड्या भरतात.

आणि मिक्स डिझाइन आयएस १०२६२ ने करताना एक गोष्ट आधीच ठरवा, तुम्ही सारखं वॉटर सिमेंट रेशो ठेवून तुलना करणार की सिमेंट वाढवून सारखी ताकद ठेवून? दोन्ही बरोबर आहेत पण दोन्हीचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात ताकद पडते आणि पाइप ती किती सावरतो ते दिसतं, दुसऱ्यात ताकद सारखी असून मोड्युलस कमी असल्याचा परिणाम दिसतो. अर्धे नमुने असे अर्धे तसे केले तर काहीच सिद्ध होत नाही. नवीन असाल तर पहिली पद्धत घ्या.

नमुने भरणं

०, ५० आणि १०० टक्के, प्रत्येकी तीन, दोन्ही पाइपांचे. सोबत प्रत्येक पाइपचे दोन-तीन रिकामे नमुने, आणि प्रत्येक मिक्सचे पाइपाशिवाय तसेच नुसत्या काँक्रीटचे तीन सिलिंडर, पीव्हीसी पाइपात ओतून. रिकामा पाइप आणि नुसतं काँक्रीट टेस्ट केल्याशिवाय "एकत्र आल्यामुळे वाढ किती" हे सांगताच येत नाही. क्यूब प्रत्येक मिक्सचे सहा, तीन २८ दिवसांना आणि तीन ज्या दिवशी कॉलम टेस्ट कराल त्या दिवशी, कारण मशीन कधीच २८व्या दिवशी मोकळं मिळत नाही.

पाइपच्या आतलं तेल आणि गंज पुसून काढा. खाली पातळ प्लेट लावून कडा टेपने बंद करा, नाहीतर सिमेंटचं पाणी गळतं आणि खालचं तोंड जाळीदार होतं. तीन थरांत भरा, प्रत्येक थर रॉडने ठोकून टेबल व्हायब्रेटरवर थोडा वेळ. वर किंचित उंच ठेवा. दुसऱ्या दिवशी बघाल तर काँक्रीट पाइपच्या कडेपेक्षा थोडं खाली बसलेलं असतं, हा अर्धा-एक मिलीमीटरचा खड्डा साधा वाटतो पण टेस्टमध्ये सुरुवातीचा सगळा लोड एकट्या पाइपवर येतो आणि ग्राफचा पहिला भाग बिघडतो. तो खड्डा एपॉक्सीने किंवा घट्ट सिमेंट पेस्टने भरून, वाळल्यावर ग्राइंड करून स्टील आणि काँक्रीट एका पातळीत आणा. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात बघा, खालून प्रकाश दिसायला नको. वरचं तोंड प्लास्टिक लावून बंद ठेवा, खऱ्या कॉलममध्ये ओलावा आतच राहतो तसा. प्रत्येकावर पेंटने नंबर टाका, खडूने नको, पुसला जातो.

टेस्ट

पाइपला बाहेरून चुना लावा. साधी सफेदी, पातळ. स्टील यील्ड व्हायला लागलं की चुन्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि कुठे सुरुवात झाली ते डोळ्यांनी दिसतं. स्ट्रेन गेज (पृष्ठभागाचं ताणणं-आकसणं मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) मिळत असतील तर मधोमध दोन उभे दोन आडवे लावा, तेवढी जागा चुन्याआधी घासून घ्या, आडवा गेज वेगाने वाढायला लागला तिथून पकड सुरू झाली असं समजा. गेज नसतील तर निदान डायल गेजने आकसणं मोजा.

मध्यावर ठेवा, आधी अपेक्षित लोडच्या दहा टक्क्यांपर्यंत नेऊन परत खाली आणा म्हणजे सगळं नीट बसतं. मग हळू लोड वाढवा. सीटीएम लोडवर चालतं त्यामुळे शिखरानंतरचा भाग त्यात नीट मिळत नाही, यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) हालचालीचा वेग ठरवता येत असेल तर तिथे मिनिटाला अर्धा मिमी ठेवा. गॉगल घाला आणि जाळी बंद ठेवा, नुसत्या काँक्रीटच्या सिलिंडरला तर नक्कीच.

जाड पाइपवाल्यात एक अडचण येईल, लोड पडतच नाही, वाढतच जातो. मशीन बिघडलं नाहीये, स्टील काँक्रीटच्या मानाने भरपूर असलं की असंच होतं. मग कमाल लोड कुठला धरायचा? हे टेस्टच्या आधी ठरवा, समजा एक टक्का स्ट्रेनला, म्हणजे उंची एक टक्का आकसल्यावर, जो लोड तो, आणि सगळ्या नमुन्यांना तोच नियम लावा. नंतर आकडे बघून नियम बदलू नका, कितीही मोह झाला तरी.

निकाल वाचताना फक्त कमाल लोड नका बघू. माझ्याकडे सगळ्यात ठळक फरक ग्राफच्या सुरुवातीच्या उतारात दिसला होता, १०० टक्के खडीवाला कॉलम तेवढ्याच लोडला जास्त आकसत होता, शेवटचा आकडा मात्र फारसा खाली नव्हता. बिल्डिंगमध्ये कॉलम रोज वापराच्या लोडखालीच उभा असतो, त्यामुळे हा उतार आणि वर्षानुवर्षांचा क्रीप, ज्यात काँक्रीट हळूहळू आपला भार स्टीलवर ढकलतं, हे डिझाइनरला शेवटच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं. आगीत आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून खऱ्या कॉलमला वाफ निघायला भोकं ठेवतात तेही रिपोर्टमध्ये दोन ओळींत लिहा, परीक्षक विचारतात.

टेस्ट झाल्यावर पाइप कुठे फुगला त्याची उंची मोजा, फोटो काढा. मग प्रत्येक मिक्समधला एक नमुना ग्राइंडरने उभा कापा. फुगवट्याच्या बरोबर आत काँक्रीटचा भुगा झालेला दिसेल आणि बाकी भाग बऱ्यापैकी अखंड. कापलेल्या भागावर पाणी मारून जवळून बघा, तडा जुन्या मॉर्टरमधून गेलाय, कडेने गेलाय की दगड फोडून गेलाय ते तीनही मिक्सचं शेजारी ठेवून नोंदवा, आणि ते अर्धे तुकडे भंगारात देऊ नका, व्हायवाला टेबलावर ठेवा.